विश्लेषण : टेस्टोस्टेरॉनची तपासणी डॉक्टर सहज का लिहून देत नाहीत? ती कधी आणि कशी करून घ्यावी?

सततचा थकवा, कमी झालेली कामेच्छा, जिममध्ये घाम गाळूनही अंगाला काही न लागणे… अशा तक्रारी घेऊन टेस्टोस्टेरॉनची तपासणी मागायला गेलेल्या पुरुषाला अनेकदा ‘ताण कमी करा, वजन उतरवा’ एवढेच ऐकून परत यावे लागते. दुसरीकडे मोबाइलवर बुकिंग केले की खासगी लॅबचा कर्मचारी घरी येऊन रक्त घेऊन जातो. चिठ्ठी लागत नाही, खर्चही काही शे रुपयांचा. मग डॉक्टर हात आखडता का घेतात? आणि तपासणी खरोखर गरजेची असेल, तर ती कशी मिळवावी?

डॉक्टरांचा आक्षेप नेमका कशाला?

आक्षेप रक्त तपासण्याला नसतो, तर लक्षणांशिवाय केवळ आकडा शोधण्याला असतो. थकवा, चिडचिड, झोप न लागणे यांची कारणे अनेक असतात. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, नैराश्य, ‘ड’ किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडखळणे ही त्यातली नेहमीची. अमेरिकेतील ‘एंडोक्राइन सोसायटी’ने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सरसकट सर्व पुरुषांची टेस्टोस्टेरॉन तपासणी करू नये. लक्षणे असतील आणि पातळीही सातत्याने कमी असेल, तरच निदान करावे.

यामागे आकडेवारी आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात ४० ते ७९ वयोगटातील तीन हजारांहून अधिक पुरुष होते. लैंगिक लक्षणे आणि कमी पातळी या दोन्ही अटी पूर्ण करणारे त्यात केवळ २.१ टक्के निघाले. नुसत्या थकव्याचे टेस्टोस्टेरॉनशी नाते त्या मानाने ढोबळच दिसले.

मग तपासणी कोणी मागावी?

त्याच अभ्यासात तीन लक्षणांचा कमी पातळीशी ठळक संबंध आढळला : कामेच्छा घटणे, सकाळी येणारी लिंगाची ताठरता कमी होणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणे. याशिवाय दाढी-अंगावरचे केस विरळ होणे, स्तनांची वाढ, वृषण लहान असणे, मूल न होणे, किरकोळ कारणाने हाड मोडणे ही लक्षणेही महत्त्वाची.

काही आजारांत शंका अधिक घ्यावी लागते. टाइप-२ मधुमेह आणि स्थूलता असलेल्यांत पातळी कमी असण्याचे प्रमाण जास्त असते. मधुमेही पुरुषाला अशी लक्षणे असतील, तर सकाळची टेस्टोस्टेरॉन तपासणी करण्याचा विचार व्हावा, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. भारतात २०२३ च्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यामुळे हा मुद्दा इथे लहान नाही. गालगुंडात वृषणांना सूज येऊन गेलेले, केमोथेरपी झालेले, दीर्घकाळ अफूजन्य वेदनाशामके किंवा स्टेरॉइड घेणारे आणि वारंवार रक्त चढवावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण यांनीही ही माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

रक्त कधी द्यायचे?

टेस्टोस्टेरॉनची पातळी दिवसभर सारखी नसते. ती सकाळी सर्वाधिक असते आणि नंतर उतरत जाते. खाल्ल्यानंतरही ती घटते. म्हणून नमुना उपाशीपोटी, शक्यतो सकाळी १० च्या आत द्यावा लागतो. दुपारी जेवून दिलेल्या रक्ताचा कमी आकडा निदानाला उपयोगाचा नाही. ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना तपासणी टाळावी. रात्रपाळी करणाऱ्यांनी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर निकाल चुकू शकतो, तेव्हा त्या चालू असल्यास आधीच सांगावे.

एकदा आकडा कमी आला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी पुन्हा करावी लागते. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने सकाळच्या दोन स्वतंत्र तपासण्यांत ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, अशी मर्यादा सुचवली आहे. ‘एंडोक्राइन सोसायटी’च्या सूचनांत निरोगी तरुणांसाठीची खालची मर्यादा २६४ आहे. म्हणजे २८०-२९० चा आकडा एका कसोटीवर नापास, तर दुसरीवर उत्तीर्ण. अहवालातील एककही पाहावे. काही लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये निकाल देतात, तिथे ३ म्हणजेच ३००.

आकडा खरोखर कमी असेल तर?

पुढचा प्रश्न कारणाचा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडून वृषणांना कामाला लावते. टेस्टोस्टेरॉन कमी आणि ही दोन्ही वाढलेली, तर दोष वृषणात. त्यामागे क्लाइनफेल्टर सिंड्रोमसारखे जन्मजात कारण असू शकते आणि ते अनेकदा वंध्यत्वाच्या तपासणीपर्यंत कळतच नाही. ही संप्रेरके वाढायला हवी असतानाही वाढलेली नसतील, तर पिट्युटरीकडे पाहावे लागते. तेव्हा प्रोलॅक्टिनची तपासणी आणि गरज पडल्यास एमआरआय केला जातो.

स्थूल व्यक्तींत आणखी एक गुंता असतो. रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेले असते. त्यापैकी एसएचबीजी हे प्रथिन स्थूलतेत घटते, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मुक्त टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. अशा वेळी वजन कमी केल्यानेही पातळी सुधारते. म्हणजे ‘वजन उतरवा’ हा सल्ला चुकीचा नसतो. तपासणी न करता तेवढ्यावर बोळवण होणे मात्र योग्य नाही.

इंजेक्शनची घाई का नको?

सर्वात मोठी किंमत मूल हवे असलेल्या पुरुषांना मोजावी लागते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की पिट्युटरी एलएच-एफएसएच सोडणे थांबवते आणि वृषणांतील शुक्राणूंची निर्मिती मंदावते, काहींत शून्यावर येते. औषध थांबवल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. जिममधून स्टेरॉइड घेणाऱ्यांचेही हेच होते. मूल हवे असलेल्यांसाठी वेगळे उपचार आहेत, त्यामुळे हा बेत पहिल्याच भेटीत सांगणे गरजेचे.

हृदयाबाबत २०२३ च्या ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीने काहीसा दिलासा दिला. हृदयविकाराचा धोका असलेल्या, पातळी कमी असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे प्रकार औषध घेणाऱ्यांत जास्त आढळले. उपचार सुरू केल्यावर हिमॅटोक्रिट आणि वयानुसार पीएसए तपासत राहावे लागते.

डॉक्टरांशी कसे बोलावे?

‘माझे टेस्टोस्टेरॉन तपासा’ यापेक्षा लक्षणे, ती कधीपासून आहेत, चालू औषधे, झोप, जुने आजार हे कागदावर लिहून न्यावे. लैंगिक तक्रार सांगायला संकोच वाटतो, पण तपासणीचा निर्णय बहुतांशी तिच्यावरच होतो. लॅबचा अहवाल आधीच हाती असेल, तर नमुना किती वाजता दिला हेही सांगावे. फॅमिली डॉक्टरांनी दाद दिली नाही, तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट किंवा यूरॉलॉजिस्टकडे जाता येते. मुंबईत महापालिकेच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रिनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे.

भिंतींवर आणि आता मोबाइलवर दिसणाऱ्या ‘मर्दाना ताकद’च्या जाहिरातींपासून दूर राहावे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे. टेस्टोस्टेरॉन हेही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. रक्त तपासायला चिठ्ठी लागत नसली, तरी औषधाला ती लागतेच.