चेहरा बदलतो, पात्राचे काय?

दैनंदिन मालिकेतील प्रमुख अभिनेत्री अचानक मालिका सोडते, दुसऱ्या दिवशी त्याच घरात, तेच मंगळसूत्र घालून निराळीच अभिनेत्री वावरू लागते आणि घराघरांतून नाराजीचा सूर उमटतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘स्टार प्रवाह’वरील ‘प्रेमाची गोष्ट’ या मालिकेत मुक्ताच्या भूमिकेत तेजश्री प्रधान यांच्याऐवजी स्वरदा ठिगळे आल्या, तेव्हाही हेच घडले. अशा नाराजीला प्रेक्षकांचा भाबडा हट्ट समजून सोडून देण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात या तक्रारीत तथ्य आहे आणि ते मालिकांच्या निर्मितीपद्धतीतच दडलेले आहे.

मुळात मराठी प्रेक्षकाला नटबदलाचे वावडे नाही. १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर साकारले डॉ. श्रीराम लागू यांनी. पुढे दत्ता भट यांनी तीच भूमिका केली आणि २०१६ मध्ये पडद्यावर नाना पाटेकर यांनी. प्रेक्षकांनी तुलना केली, वाद घातले. परंतु नट बदलला म्हणून बेलवलकर परके झाले नाहीत. कारण नाटकाची संहिता आधीच पूर्ण झालेली असते आणि नट तिच्यात प्रवेश करतो. मालिकेचे गणित उलटे आहे. रोजचा रतीब घालायचा असल्याने संहिता चित्रीकरणाच्या जेमतेम काही दिवस आधी हाती येते. नटाची लकब, उच्चार, हसण्याची पद्धत पाहून लेखक पुढचे प्रसंग रचतो. वर्ष-दोन वर्षांत पात्र निम्मे लेखकाचे आणि निम्मे नटाचे होऊन जाते. नट गेला की हा अर्धा भागही त्याच्याबरोबर जातो.

कोणता बदल पचतो आणि कोणता नाही, याचे उत्तरही येथेच मिळते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही मालिका २००८ मध्ये सुरू झाली. तीत टप्पूची भूमिका करणारे कलाकार बदलले, खुद्द तारक मेहताही २०२२ मध्ये बदलले. मालिका थांबली नाही. मात्र २०१७ मध्ये दिशा वकानी रजेवर गेल्यानंतर दयाबेनची जागा वर्षानुवर्षे रिकामीच राहिली. तारक मेहता हा कथेतील निवेदक होता, दयाबेन म्हणजे तो विशिष्ट आवाज आणि तो गरबाच होता. ‘रात्रीस खेळ चाले’मधील शेवंताचेही तेच. अपूर्वा नेमळेकर यांनी तिला दिलेला डौल प्रेक्षकांच्या इतका डोळ्यांत भरला होता, की २०२१ मध्ये त्या बाहेर पडल्यावर कृतिका तुळसकर यांच्यापुढे प्रत्येक प्रसंगात तुलनेचे ओझे उभे राहिले.

याउलट ‘आई कुठे काय करते’मधील संजना २०२० मध्ये, मालिका तुलनेने नवी असतानाच बदलली. रूपाली भोसले यांना पात्र आपल्या पद्धतीने घडवण्यास पुढे चार वर्षे मिळाली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मध्ये अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय असे तीन मिहीर झाले, तिसरा स्थिरावला, कारण कथा वीस वर्षे पुढे सरकल्यावर पात्राचे वयही वाढले होते आणि त्याला नव्याने लिहिले गेले.

म्हणजे प्रेक्षकाचा आक्षेप चेहऱ्यापुरता नसतो. त्याला सातत्य हवे असते. ‘होणार सून मी ह्या घरची’मधील जान्हवीचे लांबलेले गरोदरपण महाराष्ट्रभर थट्टेचा विषय झाले. तेथे अभिनेत्री तीच होती, पण पात्राचे काळाशी असलेले नाते तुटले होते. चेहरा बदलणे काय किंवा काळ थांबवणे काय, ‘हे खरे मान’ असा हुकूम दोन्हींत सारखाच आहे.

मग ही तक्रार वाहिन्यांपर्यंत पोहोचत का नाही? ती पोहोचते, परंतु मोजली जात नाही. ‘बार्क’च्या २०२० मधील अंदाजानुसार देशात सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी संच होते, प्रेक्षकसंख्या मात्र निवडक काही हजार घरांतील मीटरवरून काढली जाते. मीटर कोण किती वेळ पाहतो हे सांगतो, कशासाठी पाहतो हे सांगत नाही. तल्लीन होऊन पाहणारी गृहिणी आणि ‘आता आणखी काय मूर्खपणा करतात’ म्हणून पाहणारी तिची शेजारीण, टीआरपीच्या लेखी दोघी समान. रागावलेला प्रेक्षक संच बंद करत नाही, तोवर त्याचा राग हा वाहिनीचा नफाच ठरतो.

कलाकारांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. बारा-बारा तासांचे चित्रीकरण महिनोन्महिने करणाऱ्या माणसाला थांबावेसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न निर्मात्यांच्या वृत्तीचा आहे. मालिकेची लांबी आधी ठरवणे, नट जाणार असेल तर पात्रालाही कथेतून सन्मानाने निरोप देणे, किमान नव्या कलाकारासाठी पात्र नव्याने लिहिणे, हे मार्ग अवघड नाहीत. त्यासाठी फक्त एक मान्य करावे लागेल, की वर्षानुवर्षे रोज अर्धा तास देणाऱ्या प्रेक्षकाला त्या घरातली माणसे निर्मात्याइतकीच, कदाचित थोडी अधिक, ठाऊक असतात.