कोड वाजवणारी माणसं

“बटण दाबलं की कॉम्प्युटर वाजवतो, त्यात माणसाचं काय?” लाइव्ह कोडिंगचा विषय काढला की मित्र हेच विचारतात.

आता बघा. ‘सोनिक पाय’मध्ये ‘प्ले ६०’ लिहिलं की मधला सी वाजतो. ‘स्लीप १’ जोडून लाइव्ह लूपमध्ये टाकलं की फिरत राहतो. वाजता वाजता ६० चे ६४ करून रन दाबा, संगीत न थांबता पुढच्या आवर्तनात सूर बदलतो. आणि हे सगळं श्रोत्यांसमोर! २००४ साली हॅम्बुर्गमध्ये सुरू झालेल्या ‘टॉपलॅप’ गटाचा आग्रहच तो: स्क्रीन लपवू नका.

ऑफिसात आपला बग टेस्टर पकडतो, इथे तो थेट स्पीकरवर ऐकू येतो. मैफलीत गवई घेतो तीच जोखीम. म्हणून माझ्या मते हे वादनच. पटत नसेल तर सोनिक पाय फुकट मिळतं, चार लोकांसमोर एकदा चुकून बघा!