सह्याद्रीतली इटली आणि सामाईक सातबारा

सह्याद्रीत सध्या इटली उगवते आहे. कर्जत, मुळशी, कामशेत, पाली. कालपर्यंत जिथे वरी-नाचणी पिकत होती तिथे आता कमान, कारंजं आणि सिमेंटचे दोन हताश सिंह. कमानीवरचं नाव वाचताना गावच्या पोलीस पाटलाची जीभ लचकावी, असं. आत प्लॉटवर बंगला. जमीन आणि घर एकाच पुडक्यात, एकाच आकड्यात. आणि ही इटली पुण्यापासून अवघ्या 45 मिनिटांवर! कुठल्या पुण्यापासून, हे विचारायचं नसतं. चांदणी चौकातून पहाटे तीनला निघालात आणि ड्रायव्हरला जगण्याची फारशी ओढ नसली, तर जमेलही.

या इटलीवाल्यांवर माझा राग नाही. थापा मारणं हा त्यांचा धंदा आहे आणि तो ते निष्ठेनं करतात. माझी करमणूक होते ती आपल्या माणसांनी. आंब्याची पेटी घेताना वरचा थर उचलून खालचा बघणारा, देवगडच्या नावाखाली कर्नाटकी माल तर नाही ना म्हणून देठाशी नाक नेणारा आमचा चाणाक्ष गृहस्थ, 90 लाखांच्या पुडक्याचा खालचा थर बघायचं नाव काढत नाही. खालचा थर म्हणजे जमीन. वरच्या थरात टाइल्स, मॉड्युलर किचन आणि जकूझी. हा टाइल्सवर टिचक्या मारून बघतो!

एका रविवारी मेव्हण्याच्या आग्रहाखातर मीही गेलो. बस फुकट, पिठलं-भाकरी फुकट, ठेचा तर मागाल तितका. सॅम्पल बंगला खरंच प्रशस्त वाटला. इतका, की मला संशय आला आणि मी सरळ मास्टर बेडरूममधल्या पलंगावर आडवा झालो. घोट्यापासून पुढचे पाय हवेत. पलंग जेमतेम साडेपाच फुटी! जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या बालवाडीतून उसन्या आणल्यासारख्या. खोल्यांना दारंच नव्हती. "ओपन फ्लो आहे, काका," असं सांगण्यात आलं. दार असतं तर ते उघडताना पलंगावर आपटलं असतं, हा त्या फ्लोचा गाभा.

सांगणारा मुलगा गोड होता. हुद्दा रिलेशनशिप मॅनेजर. नाती जुळवण्याच्या या अधिकाऱ्याला मी गट नंबर विचारला. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्या आजोबांचं गोत्र विचारलं. "ते लीगल टीम बघते, काका." लीगल टीम कुठे आहे? "आज रविवार ना." रविवारीच गिऱ्हाईक आणायचं आणि रविवारीच लीगलला सुट्टी द्यायची; योगायोग म्हणतात तो हाच. माहितीपत्रकात वास्तुशास्त्राला दोन रंगीत पानं होती, गट नंबरला एक ओळ नव्हती. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो होता, पण कारंज्याच्या तुषारांत असा विरघळवलेला, की फोनलाही मोतीबिंदू झाल्यासारखं वाटावं.

मग मी विचारलं, एनए झालंय का? उत्तर तुम्हाला पाठ असेल: "प्रोसेसमध्ये आहे."

या अवस्थेवर खरं तर एखाद्या आचार्यांनी भाष्य लिहायला हवं. शेती म्हणावी तर पीक नाही, बिनशेती म्हणावी तर आदेश नाही. नेति नेति. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सांगतं, की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही. इलाज तयार असतो: "शेतकरी दाखल्याचं आपण मॅनेज करू." ज्याचा शेतीशी संबंध गॅलरीतल्या मनी प्लँटपुरता, तो हिंजवडीतला इंजिनियर एका रात्रीत बळीराजा होतो! वर, शेताचे बारीक तुकडे पाडू नयेत म्हणून 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. त्याच्यावर निघालेला तोडगा तर अद्भुतच. दोन-तीन गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा होत नसेल, तर सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची. सामाईक! तारेचं कुंपण तुमचं, गेटवरची पाटी तुमची, कुत्रं तुमचं. मालकी मात्र अविभक्त हिश्श्याची. तुमचा 'प्लॉट नंबर 14' माहितीपत्रकातल्या नकाशावर असतो, तलाठ्याच्या दप्तराला तो ठाऊकही नसतो. सामाईक बांधावरून सख्ख्या भावांच्या पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात अशा या राज्यात आपण पैसे मोजून वीस अनोळखी माणसांचे हिस्सेदार व्हायचं. विकायची वेळ आली की त्यातला एक मेलबर्नला असतो आणि एक वारलेला असतो.

ज्या योजनेचा रेखांकन आराखडा मंजूर आहे, एनएचा आदेश झालाय, मोजणीची क प्रत आहे, तिथे हा तमाशा नसतो. अशा योजना आहेतही. तिथे गट नंबर विचारला की शिपाईसुद्धा सांगतो. तरीही सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचावा. कुळाचं नाव, विकास सोसायटीचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, सगळी भुतं त्या रकान्यात राहतात. आणि मालकाच्या नावाशी 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं, तर ठेचा खाऊन घ्यावा आणि बस पकडावी. ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय हलत नाही.

आता पैशांकडे येऊ. एका आकड्यात विकलेलं हे पुडकं करार करताना मात्र अलगद दोन होतं. जमिनीचं खरेदीखत वेगळं, बांधकामाचा करार वेगळा. का? "तुमचीच स्टॅम्प ड्युटी वाचते, काका." वाचवण्याचं नाव काढलं की आपण विरघळतो, हे त्यांना आपल्या आईपेक्षा जास्त कळतं. खरेदीखताला जमिनीचे सगळे पैसे आजच. घराचे पैसे टप्प्याटप्प्यानं, म्हणजे पुढं काय व्हायचं ते होवो. सिमेंट-लोखंड महागलं तर फरक तुमचा, हेही त्यात बारीक अक्षरात. जमिनीपुरता तो विकासक. घर जोत्यावर अडलं की तोच म्हणणार, मी तर साधा ठेकेदार!

"पण बँकेनं प्रोजेक्ट अप्रूव्ह केलाय ना!" हे वाक्य गिऱ्हाईकच एकमेकांना ऐकवतात. अहो, बँकेचा वकील बँकेचा असतो. त्यानं बघायचं ते बँकेचं कर्ज बुडू नये म्हणून. आणि घर उठलं नाही तरी ते बुडत नाही, कारण तुमचा पगार बांधलेला असतो.

समजा, 8.5 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 50 लाख घेतले. हप्ता 43,391 रुपये. पहिल्या हप्त्यातले 35,417 निव्वळ व्याज, मुद्दल फिटलं 7,974. पाच वर्षं इमानेइतबारे भरलेत, 26 लाख गेले. मुद्दल उतरलं सहा लाखांच्याही आत. वीस वर्षांनी एकूण एक कोटी चार लाख. पलंग तेवढाच, साडेपाच फुटी. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जाच्या हिशेबात सहसा धरत नाहीत, ती खिशातून. व्याजाचा दर रेपोशी बांधलेला, म्हणजे मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेत कुणाला उचकी लागली की आपली मुदत वाढते.

मग टॅक्स बेनिफिट? नुसत्या प्लॉटच्या कर्जावर शून्य. सवलत घर उभं राहिलं तरच. कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पुरं झालं नाही, तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजावरची दोन लाखांची वजावट 30 हजारांवर येते. आणि नव्या करप्रणालीत, जी न विचारता लागू होते, स्वतःच्या राहत्या घराला ही वजावटच नाही. तरी तो रिलेशनशिप मॅनेजर 'टॅक्स बेनिफिट' असं म्हणतो, जसं भटजी 'कल्याणमस्तु' म्हणतात.

आणि या सगळ्यावरचा तुरा: 'ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही'. म्हणजे कर्ज तुमच्या नावावर, व्याज भरायचं विकासकानं. तो भरायचा थांबला की बँक त्याला शोधत बसत नाही, तुम्हाला फोन करते. बांधकाम जेवढं झालं तेवढेच पैसे सोडा, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्ये बँकांना बजावलं. विकासकानं व्याज भरण्याच्या असल्या योजनांपासून लांब राहा, असं राष्ट्रीय आवास बँकेनं 2019 मध्ये गृहवित्त कंपन्यांना सांगितलं. नियामकांना दोनदा ओरडावं लागतं, तेव्हा वर्ग किती गुणी असेल, कल्पना करा.

हे सगळं मी परतीच्या बसमध्ये मेव्हण्याला समजावून सांगितलं. सातबारा, कलम 63, हप्त्याची विभागणी, नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत इथपर्यंत. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. टोकनचा चेक तो माझं पलंगाचं मोजमाप चालू असतानाच देऊन आला होता.

"सगळं बरोबर आहे, दाजी," तो म्हणाला. "पण पाण्याची टाकी ईशान्येला आहे."