घडीत गेलेला तबला

गेल्या दिवाळीत एका अंकाने संगीतावर विशेष विभाग काढला. अंकाचं नाव सांगत नाही, कारण हा गुन्हा जवळपास सगळेच करतात. नाशिकच्या एका मैफलीचा फोटो दोन पानांवर पसरलेला. डावीकडे काळोख आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत भलामोठा मथळा. उजवीकडे गायिका, डोळे मिटलेले, हात हवेत. आणि दोन पानांच्या मधे, अंक जिथे चिकटवलेला असतो तिथे, एक कान, एक खांदा आणि तबल्याची अर्धी शाई.

तो कान माझ्या ओळखीच्या एका काकांचा. पंचवटीत राहतात, चाळीसेक वर्षं साथ करतात. अंक हातात आल्यावर त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पान उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आलोय की मी. जरा आत आलोय."

काकांनी हसण्यावारी नेलं. मला ते जमत नाही.

संगीताच्या मासिकात जोडपान कसं लावायचं याचा एक ठरलेला साचा आहे. एका पानावर काठापर्यंत भिडलेला फोटो, दुसऱ्यावर मथळा, खाली दोन ओळींचा परिचय, पहिलं अक्षर चार ओळी उंच आणि मधेच मोठ्या टायपात मुलाखतीतलं एक चटकदार वाक्य. कलाकाराची नजर मजकुराकडे हवी, पानाबाहेर नको. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे चेहरा घडीत जाता कामा नये. हे नियम मूर्खपणाचे नाहीत. पण ते ज्या संगीतासाठी तयार झाले, तिथे एक तर एकटा स्टार असतो किंवा चार जणांचा बँड असतो. चार जण असले की दोन इकडे, दोन तिकडे, घडीत फक्त भिंत. काम झालं.

आता आपली मैफल घ्या. गाणारी व्यक्ती बरोब्बर मधे. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला हार्मोनियम, मागे तानपुरे घेऊन बसलेले शिष्य. म्हणजे आपल्या बैठकीचा जो मध्य, तोच जोडपानाचा खड्डा. मुख्य चेहरा खड्ड्यात घालता येत नाही, म्हणून डिझायनर अख्खा फोटो एका बाजूला सरकवतो. सरकवल्यावर काय होतं ते कागदावर काढून बघा. गायिका उजव्या पानावर सुखरूप. एक साथीदार थेट घडीत. दुसरा कडेला कापला जातो. तानपुऱ्यांवर तर मथळाच बसतो, कारण मागची गडद जागा अक्षरांसाठी 'छान मोकळी' असते. कोणी दुष्टपणे केलेलं नाही. साचाच तसा आहे, आणि साच्याला कोणी प्रश्न विचारत नाही, ही माझी तक्रार आहे.

'घडीत जाणं' म्हणजे नेमकं काय, हे फोनवर वाचणाऱ्यांना सांगायला हवं. पातळ अंक मधोमध पिन मारून बांधतात. त्यातलं अगदी मधलं पान हा एकच सलग कागद असतो, त्यामुळे तिथलं चित्र तुटत नाही. जुन्या सिनेमासाप्ताहिकांच्या मधल्या पानावर पोस्टर असायचं ते म्हणूनच. पिना उचकटल्या की थेट भिंतीवर. नाशिकहून 'गावकरी'वाल्यांचं 'रसरंग' निघायचं, त्या काळात वाढलेल्या कुणालाही विचारा. बाकीच्या जोडपानांची गोष्ट वेगळी. त्यांची डावी आणि उजवी बाजू फर्म्यात वेगवेगळ्या जागी छापली जाते आणि घडी पडल्यावर समोरासमोर येते. जाडजूड दिवाळी अंकाची तर पाठ आधी घासून खरवडतात, मग तिच्यावर गोंद चढतो. म्हणजे घडीतला काही मिलिमीटरचा भाग नुसता दिसेनासा होत नाही, त्याचा भुसा होतो. उरलेला आत वळतो. काकांचं नाक आणि एक डोळा यांच्यामधली पट्टी बाइंडरच्या जमिनीवर झाडून गेली. हे रूपक नाही.

1973 मध्ये टपाल खात्याने विष्णु दिगंबर पलुस्करांचं तिकीट काढलं. तिकिटं छापणारा कारखाना आमच्या नाशिकरोडलाच. तिकिटावर एकच चेहरा असतो, त्याबद्दल कोण तक्रार करेल? जागाच तेवढी. पण दोन अख्खी पानं हाताशी असताना तिकिटासारखाच विचार करायचा, याला काय म्हणावं?

पलुस्करांचं नाव उगाच घेतलं नाही. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा माणूस आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिला. गाणं कागदावर उतरलं पाहिजे, छापलं गेलं पाहिजे, स्वस्तात हातात पडलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्यासाठी स्वतःची स्वरलिपी बनवली, पुस्तकं काढली, मासिक चालवलं. 1931 मध्ये ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि मंडळाचं 'संगीत कला विहार' 1947 पासून निघू लागलं. सुरुवातीचे संपादक बी. आर. देवधर. या परंपरेत पान हे आधी काम करण्याची जागा आहे, बघण्याची नंतर.

स्वरलिपीचं पान बघितलंय कधी? तीनतालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार खण, वर सम-टाळी-खालीच्या खुणा. बंदीश नवव्या मात्रेपासून उठत असेल तर ओळही नवव्यापासून सुरू होते आणि सम ओळीच्या मधोमध येते. सगळ्या ओळींच्या समा एकाखाली एक. वाचणाऱ्याचा डोळा त्या उभ्या रेघेवर टेकतो. याच्यासाठी जोडपान म्हणजे वरदान आहे: डावीकडे स्थायी, उजवीकडे अंतरा, समोर अंक उघडा ठेवून हार्मोनियमवर बोटं फिरवा, पान उलटायला हात सोडावा लागत नाही. दोन पानं समोरासमोर असण्याचा खरा उपयोग हा. आणि आपण ती जागा कशाला वापरतो? काळोखाला. मथळ्यामागच्या महागड्या काळ्या शाईला.

"पण आता जोडपान बघतं कोण? सगळं फोनवर," असं तुमच्यातलेच काही म्हणतील. खोटं आहे. तुम्ही दिवसातून पन्नास वेळा जोडपान बघता. इन्स्टाग्रामवर एकच लांब फोटो कापून दोन-तीन स्लाइडमध्ये टाकतात, बोट सरकवलं की जोडला जातो. तेच जोडपान, फक्त घडीच्या जागी स्क्रीनची कड. आणि साचाही तोच: पहिल्या स्लाइडवर गायिका, साथीदार दुसऱ्या स्लाइडवर. दुसऱ्या स्लाइडपर्यंत किती जण जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. बंदिशीचं तर त्याहून वाईट. मजकूर फोनच्या रुंदीला जुळवून घेतो, सोळा मात्रांची ओळ अकराव्या-बाराव्या मात्रेला मोडते आणि सम कुठल्या कुठे जाऊन पडते. जुने अंक स्कॅन करतानाही एकेक पान सुटं काढतात. स्थायी एका फाइलमध्ये, अंतरा पुढच्या फाइलमध्ये, आणि समोरासमोरचा फोटो कायमचा दोन तुकड्यांत.

डिझायनर मित्र मला डेव्हिड कार्सनचं उदाहरण देतात. 1994 मध्ये 'रे गन' या अमेरिकन संगीत मासिकात त्याने ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून अख्खी चिन्हांच्या टायपात लावली. एक अक्षर वाचता येईना. मला तो आचरटपणा वाटतो. पण निदान त्याने ती मुलाखत वाचली होती आणि वाचून काहीतरी ठरवलं होतं. आमच्याकडे मैफलीच्या फोटोत माणसं किती आहेत हे मोजायच्या आधीच टेम्प्लेट उघडलेलं असतं.

उपाय अवघड नाहीत. फोटो आडवा हवा असेल तर तो पिनेच्या अंकाच्या मधल्या पानावर घ्या. तिथे नसेल तर एकाच पानावर, लहान, पण सगळ्यांसकट छापा. फोटोग्राफरला समोरून नको, तिरक्या कोनातून उभं राहायला सांगा, म्हणजे घडीच्या जागी दोन माणसांमधली सतरंजी येईल. फोटोखाली सगळ्यांची नावं टाका, तानपुऱ्यावरच्या मुलींचीसुद्धा. 'सोबत साथीदार' हे कुणाचं नाव नाही. बंदीश असेल तर तिचं चित्र करून आडव्या स्क्रीनसाठी द्या. फोन आडवा धरायला कुणाचा हात दुखत नाही, क्रिकेट बघताना धरतोच आपण.

काकांनी नंतर वाफेवर धरून त्या अंकाचा गोंद सोडवला. दोन्ही पानं सुटी केली, टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि जुळवायला बसले. खांदा जुळला, बायाँ जुळला. चेहरा मात्र कितीही जवळ आणला तरी जुळेना. शेवटी त्यांनी मधे बोटभर जागा मोकळी सोडली आणि दोन्ही पानं तशीच काचेखाली सरकवली.