प्रकल्पवहीतून हरवलेला ओढा

खास प्रतिनिधी

सत्र संपत आले की राज्यातील बहुतेक महाविद्यालयांबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक चित्र हमखास दिसते. पर्यावरण विषयाच्या प्रकल्पवह्यांची चळत पडलेली असते आणि गेल्या वर्षीच्या वहीतील नाव व हजेरी क्रमांक बदलून तोच प्रकल्प नव्याने सादर होत असतो. विषय असतो 'आमच्या परिसरातील जलप्रदूषण', पण त्या परिसरातून वाहणाऱ्या ओढ्याचे साधे नावही वहीत सापडत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर तर झेरॉक्सचीही गरज उरली नाही. आता जलप्रदूषणावरचा निबंध काही सेकंदांत तयार होतो. ओढा मात्र तेव्हाही वहीबाहेर होता आणि आजही वहीबाहेरच आहे.

या प्रकाराला विद्यार्थ्यांचा आळस म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जे लेखन गुण देण्यापलीकडे कोणीही वाचणार नाही, ते मनापासून का लिहावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या उच्च शिक्षणव्यवस्थेने विद्यार्थ्याला कधी दिले आहे काय? राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची फेरमांडणी झाली असताना हा प्रश्न विचारण्याची संधी चालून आली आहे.

तीन विषय, तीन खण

निसर्ग, समाज आणि भाषा हे तिन्ही विषय आपल्या महाविद्यालयांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातील ५० तासिकांपैकी ४५ वर्गात आणि अवघ्या पाच क्षेत्रभेटीसाठी होत्या. पुढे काय होणार, हे या विभागणीतच लिहिलेले होते.

समाजसेवेची परंपरा त्याहून जुनी. गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा तिचा सांगाडा आजही ओळखीचा आहे. या शिबिरांतून बंधारे बांधले गेले, झाडे लावली गेली, गावे झाडली गेली. परंतु शिबिराचा अहवाल बहुधा कार्यक्रम अधिकारीच लिहितात. त्यात उद्घाटक, अध्यक्ष आणि आभारप्रदर्शन यांची नोंद चोख असते. ज्या गावात सात दिवस मुक्काम केला, त्या गावाविषयी विद्यार्थ्याला काय उमगले, हे मात्र त्यात नसते.

तिसरा खण भाषेचा. अर्जलेखन, वृत्तांतलेखन, सारांशलेखन असे घटक तेथे वर्षानुवर्षे शिकवले जातात. अर्ज काल्पनिक, अधिकारी काल्पनिक आणि तक्रारही काल्पनिक!

नव्या रचनेत भाषा 'क्षमतावृद्धी' या गटात, पर्यावरण 'मूल्यशिक्षणा'त आणि सेवा योजना सहअभ्यासक्रमात आहे. शिवाय क्षेत्र प्रकल्प व समुदाय सहभाग यांनाही श्रेयांक मिळाले आहेत. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. म्हणजे जे पूर्वी ऐच्छिक होते, त्याला आता गुण आहेत. मात्र खण तेच राहिले आणि त्यांच्यामधल्या भिंतीही तशाच राहिल्या, तर झेरॉक्सच्या दुकानातील चळत तेवढी वाढेल.

अमेरिकेतला धडा

महाविद्यालयात लेखन हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवण्याचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेचा. हार्वर्डमध्ये १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षासाठी निबंधलेखनाचा अभ्यासक्रम आला आणि पुढे तो जवळपास सर्व विद्यापीठांत रुळला. तेथेही शुद्धलेखन आणि परिच्छेदरचना यांच्यापलीकडे न जाणारे साचेबद्ध निबंध हीच तक्रार दीर्घकाळ होती. १९७४ मध्ये लेखन शिकवणाऱ्या अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेने विद्यार्थ्यांचा स्वतःच्या बोलीवरील हक्क मान्य करणारा ठराव केला. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यात दोन धागे आणखी जोडले गेले. एक निसर्ग आणि परिसर यांना लेखनाच्या केंद्रस्थानी आणणारा, तर दुसरा समाजसेवेला लेखनवर्गाशी जोडणारा.

थॉमस डीन्स या अभ्यासकाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या दुसऱ्या धाग्याची केलेली विभागणी आपल्याला उपयोगी आहे. समाजासाठी लिहिणे, समाजाविषयी लिहिणे आणि समाजासह लिहिणे, असे तीन प्रकार त्याने सांगितले. संस्थेचे माहितीपत्रक तयार करणे हा पहिला प्रकार. सेवेच्या अनुभवावर चिंतनपर निबंध हा दुसरा. वस्तीतील लोकांबरोबर बसून त्यांच्या प्रश्नावर एकत्र मजकूर तयार करणे हा तिसरा आणि अर्थातच सर्वांत कठीण. आपल्याकडे जे काही होते, ते दुसऱ्या प्रकाराच्या उंबरठ्यावर अडखळते; तिसऱ्याचा विचारही सहसा होत नाही.

टाकळा की तरोटा?

येथे ओळखीचा प्रश्न येतो. पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या एका रानभाजीला कोकणात टाकळा म्हणतात, विदर्भात तरोटा. घाटावरचा ओढा कोकणात वहाळ होतो. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याकडे अशा शब्दांचा साठा असतो. भिली, गोंडी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारा मुलगा रानातील वीस भाज्या नावानिशी ओळखतो. पण 'जैवविविधतेचे महत्त्व' या निबंधात त्यांपैकी एकही नाव येत नाही, कारण आपले शब्द वहीत चालत नाहीत, हे तो शाळेतच शिकलेला असतो. ज्ञान असूनही अडाणी ठरण्याचा हा प्रकार आहे.

मराठी साहित्याला हे नवे नाही. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, तेव्हा वस्तीची आणि पालाची भाषा घेऊनच ती पुस्तके उभी राहिली. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने त्याआधीच डोळे उघडे ठेवून निसर्ग पाहण्याचा आणि नेमके लिहिण्याचा वस्तुपाठ घालून दिला होता. ही पुस्तके अभ्यासक्रमात आली, त्यांवर प्रश्नोत्तरेही निघाली. मात्र ज्या कृतीतून ती जन्माला आली, ती कृती वर्गात आलीच नाही. प्रमाणभाषा शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. ती यायलाच हवी, पण घरच्या शब्दांची किंमत मोजून नव्हे.

वाचक कोठून आणायचा?

या लेखनाला खरा वाचक हवा आणि त्यासाठी फार दूर जावे लागणार नाही. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सर्वांनी, जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोकांच्या सल्ल्याने नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. डॉ. माधव गाडगीळ यांनी या लोकनोंदवहीच्या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि देशभर नोंदवह्या पूर्ण करण्याची लगबग उडाली. घाईत भरलेल्या अशा वहीत स्थानिक नावे, ऋतूंचे वेळापत्रक आणि जाणत्या माणसांचे अनुभव कितपत उतरतील, हे उघड आहे.

एका महाविद्यालयाने एकच ओढा, एकच देवराई किंवा एकच तळे निवडून पावसाळाभर त्याची नोंद ठेवायचे ठरवले तर? पर्यावरणाचे अध्यापक निरीक्षणे तपासतील, भाषेचे अध्यापक मसुदे दुरुस्त करतील आणि त्या भेटींचे तास सेवा योजनेत धरले जातील. शेवटी तो मजकूर ग्रामसभेत किंवा प्रभाग समितीपुढे वाचला जाईल. तेथे एखादी आजीबाई उठून "हे झाड तिथं नाही, पलीकडच्या काठावर आहे," असे म्हणाली, तर त्या दुरुस्तीइतका मोठा लेखनाचा धडा कोणताही परीक्षक देऊ शकणार नाही. अशा वेळी यंत्राकडून लिहून आणलेला निबंध आपोआप उघडा पडतो, कारण त्या काठावर यंत्र कधी गेलेले नसते.

अडचणी खऱ्या आहेत

अर्थात हे चित्र रंगवणे सोपे आहे. अनेक ठिकाणी एका वर्गात शंभरावर विद्यार्थी असतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला वर्गातील तासाचेच मानधन मिळते. मसुदे वाचण्याचे आणि क्षेत्रभेटीचे तास कोणाच्या हिशेबात धरायचे? मूल्यांकनासाठी जिओटॅग केलेली छायाचित्रे पुरेशी ठरत असतील, तर लेखनाची झीज कोण सोसणार?

त्याहून नाजूक प्रश्न वस्तीच्या बाजूचा आहे. श्रेयांकासाठी दर वर्षी नवी तुकडी यायची, तेच प्रश्न विचारायची आणि पुन्हा फिरकायचीही नाही, याला सेवा म्हणता येणार नाही. औषधी वनस्पतींची माहिती लिहून घेताना सांगणाऱ्याची संमती आणि त्याच्या नावाचा उल्लेख याबाबतचे नियम आधी ठरायला हवेत. लिहिलेले आधी गावाला दाखवायचे आणि मगच परीक्षकाला, एवढे पथ्य पाळले तरी बरेच काही साधेल.

यासाठी नवा विषय नको, नवे पाठ्यपुस्तकही नको. हवे आहेत ते तीन विभागांच्या अध्यापकांचे सामाईक वेळापत्रक, मसुदे वाचण्याच्या वेळेचे मानधन आणि लिहिलेले ऐकून घेणारी ग्रामसभा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तिच्या प्राचीनतेवर शिक्कामोर्तब झाले. तिचा उद्या मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलाच्या हाती आहे. आपल्या गावच्या ओढ्यावर त्याला स्वतःच्या शब्दांत पानभर लिहिता येते का, हीच त्या दर्जाची खरी परीक्षा ठरेल.