पायी चालणाऱ्याचा रस्ता

स्मरणिकेसाठी दरवर्षीप्रमाणे यंदाही संपादकमंडळाने माझ्याकडे व्यापारविषयक लेख मागितला. भावांची चढउतार, साठवणुकीतील घट, या विषयांवर मी पूर्वी लिहिले आहे. या वेळी रस्त्याविषयी लिहितो, आणि तेही गाडीवाल्याच्या नव्हे, पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या धान्यव्यापाऱ्याने नगररचनेच्या गोष्टी कराव्यात काय, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर एवढेच की, माझे सारे आयुष्य रस्त्याच्या कडेला गादीवर बसण्यात गेले आहे.

भिलाडकडून नरोलीत येणारा व पुढे दमणगंगा ओलांडून सिल्वासाला जाणारा रस्ता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर मालमोटारी आहेत, कारखान्यांच्या बसगाड्या आहेत, फटफट्यांना तर गणतीच नाही. परंतु पाळी सुटण्याच्या वेळी क्षणभर दुकानाच्या पायरीवर उभे राहून पाहावे. हातात डबा घेतलेले कामगार, डोक्यावर पाटी घेतलेल्या वारली व कोकणा भगिनी, दप्तरे सांभाळणारी मुले, हे सर्व डांबराच्या काठाकाठाने जीव मुठीत धरून चालत असतात. आपल्या किरकोळ दुकानदारांचे गिऱ्हाईक बव्हंशी हेच होय. मोटारीतून येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण खुर्ची देतो. या गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत पोहोचण्यास वाटही ठेवीत नाही.

यात माझा स्वतःचा दोष मी प्रथम सांगतो. माझ्या दुकानापुढील पदपथावर तांदळाच्या पोत्यांची थप्पी अनेक वर्षे होती. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी तीन साध्वीजी विहार करीत त्या बाजूने आल्या. थप्पीमुळे त्यांना पदपथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले. त्यांतील वयोवृद्ध साध्वीजी काठीच्या आधाराने उतरत असतानाच मागून आलेल्या मालमोटारीने करकचून ब्रेक लावला. हातभर अंतर राहिले असेल. मी गादीवरून धावत गेलो. त्या काहीही बोलल्या नाहीत. रजोहरण सावरले, थप्पीला वळसा घातला आणि पुढे चालू लागल्या.

पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून चार हात भूमी न्याहाळीत चालावे, ही ईर्यासमिती आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जे मुंगीकरिता खाली पाहून चालतात, त्यांच्याकडे पाहण्यास रस्ता आखणाऱ्याला व रस्ता अडविणाऱ्याला सवड नसावी, ही गोष्ट मला त्या दिवसापासून बोचते आहे. चातुर्मास सोडून वर्षाचे आठ महिने आपले साधु-साध्वी पायी विहार करतात, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गाने त्यांच्यापैकी कित्येकांचे बळी घेतले आहेत. आपण शोकसभा घेतो आणि महामार्गालगत विहारधामे बांधतो. त्या दोन विहारधामांमधील वाटेचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

हे दुःख केवळ आपल्या समाजाचे नव्हे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील 32,825 पायी चालणारी होती. पाचातला एक. त्याने कोणाला धडक दिली नव्हती, वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती.

कायद्याच्या बाजूने म्हणावे तर उणीव नाही. रस्त्यावरील जागेचा विचार वाहनांच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने व्हावा, असे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण 2006 पासून सांगत आहे. पदपथावर किमान 1.8 मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट रुंदी निर्वेध असावी आणि त्याची उंची 150 मिलिमीटरहून अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत आहे. या उंचीचे मोल पाठीवर पन्नास किलोचे पोते घेतलेल्या हमालास विचारावे. इंजिनियरास विचारण्याची आवश्यकता नाही. मे 2025 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा संविधानाच्या 21व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

व्यापारी बंधूंना वाटते की, गाड्या दारात उभ्या राहिल्या नाहीत तर धंदा बसेल. मलाही असेच वाटत असे. पदपथाऐवजी गाड्या उभ्या करण्यास जागा मिळावी, अशा एका अर्जावर माझीही सही आहे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता म्हणजे कापडाची व सराफीची मोठी पेठ. पुणे महानगरपालिकेने 2016 साली पादचारी धोरण स्वीकारले आणि 11 डिसेंबर 2021 रोजी लक्ष्मी रस्त्याच्या एका भागात वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळला. पुढील वर्षांतही तो पाळला गेला. एका दिवसाने पुणे सुधारले, असे मी म्हणणार नाही. तेथील पदपथांवरही दुचाकी चढतातच. परंतु दुकान पाहत रमतगमत जाणारा मनुष्य थांबतो, आत डोकावतो; भरधाव जाणाऱ्याला पाटीसुद्धा वाचता येत नाही. हा हिशेब व्यापाऱ्याला कोणी शिकवावयास नको.

आता घाऊक व्यापाऱ्याची खरी अडचण. मालमोटार दारात आल्यावाचून माझा धंदा चालणार नाही, हे मी कसे नाकारू? तेव्हा माल उतरविण्याची वेळ ठरवून घ्यावी. पहाटे किंवा रात्री दुकाने बंद झाल्यावर उतरवावा. हमालांना रात्रीची मजुरी अधिक द्यावी लागेल, ती आपण द्यावी.

सिल्वासाची निवड 2018 साली स्मार्ट सिटी योजनेत झाली होती, आणि शहराच्या वाढीचा ओघ नरोलीच्या दिशेने येत आहे. रस्ता रुंद करण्याचा नकाशा पुढे येतो, तेव्हा आपली संघटना निवेदन देते. त्यात गटारे असतात, दिवे असतात, वाहनतळ असतो. नकाशा कायम होण्यापूर्वी त्या निवेदनात सलग पदपथाची, तो ओलांडण्याच्या जागांची आणि नदीवरील पुलावर चालणाऱ्यांसाठी निराळ्या पट्टीची मागणी घालावी, असा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.

माझी थप्पी मी आत घेतली आहे. त्यासाठी वडिलांच्या वेळचा मोठा काटा मागील अंगणात हलवावा लागला.