निद्रेचे गुणपत्रक

झोपेविषयी मराठी माणूस कसे बोलतो, हे एकदा लक्षपूर्वक ऐकण्यासारखे आहे. ‘काल मी दहाला झोपलो, पण बारापर्यंत झोप लागली नाही,’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो आणि त्यात कुणालाही विसंगती जाणवत नाही. झोपणे वेगळे आणि झोप लागणे वेगळे, ही जाण भाषेने आपल्याला आधीच देऊन ठेवलेली आहे. दिवा मालवणे, पाठ टेकणे, पांघरूण ओढून घेणे एवढे आपल्या हातात, पुढचे झोपेच्या. ती येते, लागते, चाळवते, मोडते, उडते. या साऱ्या वाक्यांत व्याकरणदृष्ट्या कर्ता झोप आहे. माणूस ‘मला’ म्हणत चतुर्थी विभक्तीत उभा असतो. ‘झोप काढणे’ हा प्रयोग अपवाद खरा, परंतु त्यातही दुपारच्या आळसाची किंचित थट्टाच ऐकू येते.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मोबाइलवरील ॲप्सनी हे व्याकरण उलटे करायला घेतले आहे. स्वीडनमध्ये तयार झालेले ‘स्लीप सायकल’ २००९ मध्ये आले. पूर्वाश्रमी बौद्ध भिक्षू असलेल्या अँडी पुडिकोम्ब यांनी एका सहकाऱ्यासह ‘हेडस्पेस’ २०१० मध्ये सुरू केले. त्यानंतर झोप, ध्यान, श्वसन, मनःस्थितीची नोंदवही अशा नाना प्रकारच्या ॲप्सची रीघ लागली. पावसाचा आवाज, संथ स्वरातील गोष्टी, श्वासाची लय दाखवणारे वर्तुळ या गोष्टी निरुपद्रवी आहेत. कित्येकांना त्यांनी बरे वाटते आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न सुरू होतो तो सकाळी. डोळे उघडताच पडद्यावर आकडा उमटतो: काल रात्रीच्या झोपेला शंभरपैकी एकाहत्तर. म्हणजे झोप आता येत नाही. ती मिळवायची, वाढवायची, कालच्यापेक्षा सुधारायची गोष्ट झाली. ज्या समाजात मूल पहिलीत जाण्याआधीपासून गुणांच्या मागे धावू लागते, त्या समाजात गुणपत्रकापासून मुक्त असलेली बहुधा ही एकच जागा उरली होती. तिथेही परीक्षक येऊन बसला आहे.

हा आकडा येतो कुठून, हे पाहिले पाहिजे. झोपेच्या अवस्था ठरवण्याची शास्त्रीय पद्धत म्हणजे प्रयोगशाळेतील पॉलिसोम्नोग्राफी. तीत मेंदूतील विद्युत्लहरी, डोळ्यांच्या हालचाली, स्नायूंचा ताण, श्वास आणि हृदयाचे ठोके एकाच वेळी नोंदले जातात, आणि रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून त्यांचे वाचन होते. गादीवर ठेवलेल्या मोबाइलला यांतले फारच थोडे कळते: अंथरुणाची हालचाल आणि खोलीतला आवाज. मनगटावरच्या घड्याळाला त्याहून थोडे अधिक, म्हणजे नाडीचे ठोके कळतात. त्यावरून झोपेचा अंदाज बांधता येतो आणि एकूण कालावधीपुरता तो बरा असू शकतो. परंतु निश्चल पडून छताकडे पाहणारा माणूस आणि गाढ झोपलेला माणूस यांतला भेद ओळखण्यात अशी साधने चुकतात. आणि निद्रानाशाचा रुग्ण तर बहुधा निश्चल पडून छताकडेच पाहत असतो. ज्याला या साधनाची सर्वाधिक गरज वाटते, त्याच्याच बाबतीत ते सर्वांत कमी भरवशाचे ठरावे, हा मोठाच विरोधाभास म्हटला पाहिजे.

याचे परिणाम वैद्यकाने नोंदवले आहेत. २०१७ मध्ये केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका निद्राविषयक नियतकालिकात तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव सुचवले. अचूक, आदर्श झोपेचा ध्यास आणि त्यापायी होणारी झोपेचीच हानी, असा त्याचा आशय. यंत्राच्या आकड्यावर या रुग्णांची श्रद्धा एवढी की, प्रयोगशाळेतील तपासणीचा निष्कर्ष समोर ठेवूनही ती सहजी ढळेना. आपल्याला ताजेतवाने वाटते की नाही, हे सांगण्याचा अधिकार माणसाने स्वतःकडून काढून यंत्राला देऊन टाकला होता. मला हा प्रसंग केवळ वैद्यकीय वाटत नाही. अनुभवाची साक्ष आणि नोंदीची साक्ष यांत तंटा उभा राहिला, तर आपल्या काळाचा कौल कुणाच्या बाजूने पडतो, हे त्यातून कळते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. निद्रानाश ही काही भाषेची गंमत नव्हे. तो माणसाला आतून पोखरतो. रोज पहाटे तीनला जागे होणाऱ्या माणसाला ‘झोप आपली आपण येते’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला अन्नाची महती ऐकवणे होय. चरकाचार्यांनी आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले, ते उगाच नाही. शिवाय मोबाइलवरून मिळणारे सारेच उपाय पोकळ आहेत, असेही नाही. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वर्तनोपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये केली. हा उपचार देणारे तज्ज्ञ सर्वत्रच थोडे, म्हणून तो ॲपच्या रूपाने देण्याचे प्रयोग झाले. कॉलिन एस्पी या संशोधकाच्या कामावर उभ्या राहिलेल्या ‘स्लीपिओ’ची शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या अधिकृत संस्थेने मे २०२२ मध्ये केली. तेव्हा सरसकट निषेध करून भागणार नाही.

परंतु हा वर्तनोपचार सांगतो काय, ते पाहण्याजोगे आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम असा: झोप येत असेल तेव्हाच अंथरुणावर जावे, काही वेळात ती लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावे, डोळे जड झाले की परतावे. आर्थर स्पीलमन यांची १९८० च्या दशकातील पद्धत तर अंथरुणावर घालवायचा वेळच आधी कमी करायला सांगते. व्हिक्टर फ्रँकल यांनी सुचवलेला विरोधी संकल्पाचा मार्ग याहून पुढचा: झोप येत नसेल तर जागे राहण्याचाच प्रयत्न करावा. तिन्हींचा गाभा एकच आहे. झोपेचा पाठलाग सोडा. मराठी व्याकरणाने जे सांगून ठेवले होते, तेच आधुनिक मानसशास्त्र निराळ्या वाटेने येऊन सांगते: कर्तेपण सोडल्याशिवाय ती लागत नाही.

म्हणून माझ्या मते ॲपचे मूल्यमापन करण्याची कसोटी अगदी साधी आहे. ते आपल्याला स्वतःपासून मोकळे करते काय? वर्तनोपचाराचा क्रम सहा-आठ आठवड्यांचा असतो. तो संपतो, शिकलेले माणसाजवळ राहते. चांगल्या शिक्षकाचे यश विद्यार्थ्याला त्याची गरज न उरण्यात असते, तसेच हे. याउलट बाजारातील बहुसंख्य ॲप्स मासिक वा वार्षिक वर्गणीवर चालतात. ‘सलग चाळीस दिवस’ असे बिरुद देऊन एक्केचाळिसाव्या दिवशी खाडा होऊ नये म्हणून ती रात्री आठवणीची घंटा वाजवतात. मन शांत करण्याचे साधन ‘आज तुम्ही शांत झाला नाहीत’ असा निरोप पाठवते, यातील विनोद आपल्या लक्षात येईनासा झाला आहे.

बाजाराचा न्यायही या कसोटीच्या उलट लागतो. ‘सॉमरिस्ट’ हे निद्रानाशावरील वर्तनोपचाराचे ॲप वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली होती. ते चालवणारी कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. संभाषणातून मनाला आधार देणारे ‘वोबॉट’ हे ॲप जून २०२५ अखेर बंद झाले. उपचार म्हणून सिद्ध होण्याची कठीण वाट धरणारे थकतात आणि केवळ ‘स्वास्थ्य’ असा मोघम शब्द वापरून कोणतीच जबाबदारी न घेणारे तगतात. दुसऱ्या बाजूने, आपली स्पर्धा झोपेशी आहे असे ‘नेटफ्लिक्स’चे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये बोलून गेले होते. ज्या पडद्याने झोप नेली, त्याच पडद्यावर ती परत विकत मिळते. दोन्ही वेळा मोल आपणच मोजतो.

मोल केवळ पैशांचे नसते. मनःस्थितीच्या नोंदवहीत माणूस जे लिहितो ते त्याने आईलाही सांगितलेले नसते. मोबाइलवरून समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने मार्च २०२३ मध्ये आरोप ठेवला, तो असा की, गुप्ततेचे वचन देऊनही तिने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदींना पुरवली. कंपनीने दोष मान्य न करता ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. आपल्याकडे वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. परंतु ‘मला मान्य आहे’ या खुणेवर बोट टेकवण्याआधी चार ओळी वाचण्याची सवय कायदा लावू शकत नाही.

आता आमच्या व्यवसायाशी जवळचा मुद्दा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दाखवून दिले होते की, निरनिराळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. अशा परिस्थितीत एखादे ॲप विद्यार्थ्यांच्या हाती देऊन ‘आम्ही व्यवस्था केली आहे’ असे म्हणण्याचा मोह संस्थांना होणे स्वाभाविक आहे. ते स्वस्त पडते, अहवालात शोभते, आणि किती जणांनी वापरले याचा आकडाही देते. परंतु वर्गात शेवटच्या बाकावर दोन आठवडे न बोलता बसलेला मुलगा ॲपला दिसत नाही. तो दिसावा लागतो तो माणसाला: प्राध्यापकाला, वसतिगृहातल्या सोबत्याला, ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, असा निर्देश दिला. त्याने ‘ॲप असावे’ असे म्हटलेले नाही, याची नोंद आपण घेतली पाहिजे. मोबाइलचाच सदुपयोग करायचा तर १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या दारावर लिहिता येईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या विनामूल्य सरकारी सेवेवर रात्री-अपरात्रीही पलीकडून माणूस बोलतो, आणि मराठीतही बोलतो. ॲप शिफारशीच्या रूपाने फार तर त्याच्या नंतर यावे.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र याहून मूलभूत आहे. झोप न लागण्याची कारणे ॲप केवळ त्या माणसाच्या सवयींत शोधते. अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडणारी परिचारिका, परदेशाच्या घड्याळावर रात्रभर काम करणारा पुण्यातला तरुण, एका खोलीत सहा जण राहणारे स्पर्धापरीक्षेचे विद्यार्थी, ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर राहणारे वृद्ध दांपत्य, यांना ‘रोज ठरावीक वेळी, शांत व अंधाऱ्या खोलीत निजावे’ ही सूचना कोणत्या तोंडाने द्यायची? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांवर बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत. रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवरील पोलिसी कारवाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोपेचा संबंध थेट जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला. चौकशीच्या नावाखाली माणसाला रात्रभर बसवून ठेवणे हा त्याच्या झोपेच्या हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२४ मध्ये बजावले. न्यायालयांच्या भाषेत झोप हा हक्क आहे. ॲपच्या भाषेत ती वैयक्तिक कामगिरी आहे. हक्क हिरावला गेला तर दाद मागता येते, कामगिरी खालावली तर केवळ स्वतःला दोष देता येतो. या दोन भाषांपैकी आपण कोणती बोलू लागतो, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

ज्यांना ॲपने बरे वाटते त्यांनी ते जरूर वापरावे. उपचाराचा क्रम असलेले निवडावे, आकडा दाखवणारी सोय बंद ठेवावी, आणि अस्वस्थता आठवड्यांवर गेली तर माणसाकडे जावे. मात्र सकाळी कुणी ‘झोप लागली का?’ असे विचारले, तर उत्तर देण्यासाठी पडद्याकडे पाहू नये. त्या प्रश्नात विचारणाऱ्याची आस्था असते, आणि तिचे उत्तर आपल्यालाच ठाऊक असते.